केरीच्या सुरूच्या बनात

संध्याकाळी पाचच्या पुढं, ऊन मऊ झालं की पेडणे तालुक्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर या. प्रत्यक्ष येता आलं नाही तर मनानं या. किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे. समुद्र हळूहळू आत सरकतोय, बनातली पुष्कळ झाडं मुळासकट आडवी झाली आहेत. त्यातल्याच एखाद्या ओंडक्याला पाठ टेकेल अशी जागा धरा. चपला काढून ठेवा. तोंड समुद्राकडं असू द्या. उजव्या हाताला तेरेखोल नदी समुद्राला मिळते, पलीकडच्या डोंगराच्या नाकाडावर तेरेखोलचा किल्ला आहे आणि दोन तीरांच्या मधे फेरीबोट ये-जा करते आहे.

बसलात? आता काही वेळ काहीच करायचं नाही. सुरूच्या बनातून वारा जातो तेव्हा लांबून पाऊस येत असल्यासारखा आवाज होतो. तो ऐका. श्वास मोजायची गरज नाही. फेरीबोट एकदा पलीकडं जाऊन परत येईपर्यंत नुसतं बघत राहा.

नदीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा असतो. वरून तो दिसत नाही, होडीवाल्याला मात्र ठाऊक असतो. भरतीला समुद्र नदीत चढतो, सुकती लागली की नदी समुद्रात उतरते. ओहोटीला इकडं सुकती म्हणतात, आणि मला तोच शब्द अधिक जवळचा वाटतो. एका दिवसात हे पाणी दोनदा खारं होतं, दोनदा गोडाकडं झुकतं. पाण्याला कुणी विचारत नाही. एवढं मनाच्या एका कोपऱ्यात ठेवा. लगेच त्याचा अर्थ लावू नका.

आज आपल्याला दोन शिपायांच्या सोबतीनं बसायचं आहे. एक याच केरी गावचा. दुसरा पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाचा, अमेरिकेतला. दोघंही पोटासाठी आणि नावासाठी घर सोडून निघाले, आणि एका फाल्गुनात त्या दोघांच्या फौजा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

अमेरिकेतल्या माणसापासून सुरुवात करू.

डोळे मिटा. हाच समुद्र, पण थंड करून बघा. वाळू तशीच, नदीचं तोंड तसंच. अमेरिकेच्या ईशान्येला मॅसॅच्युसेट्समध्ये मेरिमॅक नावाची नदी अटलांटिकला मिळते. तिच्याही तोंडाशी वाळूचा दांडा आहे, आणि तो खलाशांच्या भीतीचा विषय. त्या मुखाशी न्यूबरीपोर्ट हे जहाजं बांधणारं गाव. तिथं २१ डिसेंबर १७६४ रोजी, ऐन हिवाळ्यात, जॉन पार्कर बॉइडचा जन्म झाला. जन्मला तेव्हा तो इंग्लंडच्या राजाची प्रजा होता. दहा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्याच वसाहतीतल्या लेक्झिंग्टन आणि कॉन्कर्डला इंग्रजांविरुद्ध बंदुका वाजल्या. एकोणिसाव्या वर्षात होता तेव्हा इंग्लंडशी तह झाला आणि तो एका नव्या देशाचा नागरिक ठरला. घर तेच, नदी तीच, बंदरातला डांबराचा वास तोच. वरचं निशाण बदललं.

१७८६ मध्ये बॉइड त्या नव्या देशाच्या फौजेत अगदी खालच्या दर्जाचा अधिकारी म्हणून भरती झाला. फौज लहान, तिजोरी रिकामी, बढतीची आशा फारशी नाही. १७८९ मध्ये तो हिंदुस्थानाकडं निघाला. त्या काळी न्यू इंग्लंडची गलबतं आपल्याकडं माल भरायला यायला लागली होती. हा माल आणायला आला नाही. स्वतःचा हात आणि स्वतःची कवायत विकायला आला.

मद्रासला उतरून, शिफारसपत्रं मिळवून तो हैदराबादला पोचला. निजाम अली खानाच्या दरबारात त्याची इंग्रज वकिलामार्फत भेट झाली आणि प्रत्येकी ५०० शिपायांच्या दोन तुकड्या त्याच्या हाताखाली दिल्या गेल्या. हे त्यानं स्वतः वडिलांना पत्रातून कळवलं. त्या पत्रात निजामाच्या अफाट पायदळाचं, घोडदळाचं आणि अंबाऱ्या घातलेल्या ५०० हत्तींचं वर्णन आहे.

इथं थांबा. त्या पत्राजवळ थोडं बसू या.

पंचविशीचा मुलगा. बाप हजारो कोस दूर. पत्र पोचायला कित्येक महिने, उत्तर यायला तितकेच. मुलगा काय लिहितो? मला मान मिळाला, मला माणसं मिळाली, इथं हत्ती आहेत. घरापासून दूर गेलेल्या प्रत्येक मुलाच्या पहिल्या पत्रात हेच असतं. आखातात गेलेल्या पोराचं, जहाजावर चढलेल्या खलाशाचं, पुण्यामुंबईला खोली घेऊन राहिलेल्या मुलीचं. सारं चांगलं आहे, काळजी करू नका, आणि बघा इथं केवढं मोठं आहे सगळं. रात्री झोप येत नाही हे त्यात नसतं.

तुम्ही असं पत्र कधी लिहिलंय का? किंवा फोनवर असं बोललाय? ते वाक्य आठवा. त्या वाक्याच्या मागं काय लपवलं होतं तेही आठवा. उत्तर कुणाला सांगायचं नाही. फेरीबोटीची एक खेप होईपर्यंत त्या आठवणीबरोबर राहा.

आता डोळे उघडा आणि मागं, गावाकडं बघा. माडांच्या पलीकडं केरी आहे. या गावात १७४० च्या सुमाराला जिवबा केरकर जन्मले. पुढं इतिहास त्यांना जिवबादादा बक्षी म्हणून ओळखतो, महादजी शिंद्यांचे सेनापती म्हणून. त्यांच्या बालपणी पेडणे महाल सावंतवाडीच्या भोसल्यांचा. पण १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी समोरचा तेरेखोल जिंकला. हळर्णचा किल्लाही त्याच वर्षी घेतला. म्हणजे नदीच्या या काठी खेळणाऱ्या पोराला समोरच्या टेकडीवर निशाण बदललेलं दिसलं असणार. मेरिमॅकच्या काठावरचा पोरगा आणि तेरेखोलच्या काठावरचा पोरगा यांच्यात जवळजवळ पंचवीस वर्षांचं अंतर. दोघांनाही लहान वयात एकच गोष्ट कळली: जमीन हलत नाही, तरी ती कुणाची हे बदलतं.

जिवबा शेणव्याचं पोर. लिहिणं, हिशेब हे घरातलं बळ. असा मुलगा घाट चढून देशावर गेला, तिथून शिंद्यांच्या लष्कराबरोबर उत्तरेला. महादजींच्या फौजेत त्या काळी गोमंतकातली शेणवी मंडळी मोठ्या जागांवर होती, लखबादादा लाड त्यांतलेच. जिवबादादा त्या सर्वांत वर चढले, बक्षीगिरीपर्यंत.

बक्षी म्हणजे काय हे आज आपण विसरलोय, म्हणून जरा सावकाश सांगते. बक्षी म्हणजे फौजेची हजेरी घेणारा, घोडे तपासणारा, पगार वाटणारा. आणि शिंद्यांच्या लष्करात वेळ आली की तीच फौज घेऊन रणात उतरणारा. त्या काळच्या फौजांचा पगार क्वचितच वेळेवर व्हायचा. महिनोन् महिने थकायचा, वर्षं थकायची. मग शिपाई सरदाराच्या तंबूपुढं धरणं धरून बसायचे. त्याला उठू द्यायचे नाहीत, जेवू द्यायचे नाहीत. बक्षीनं हे सगळं पाहिलेलं. कोणत्या शिपायाच्या घरी लग्न निघालंय, कुणाचा घोडा मेलाय, कोण सावकाराच्या व्याजात रुतलाय हे त्याच्या कागदात असायचं. तलवार चालवणारे त्या काळात पुष्कळ होते. माणसांना उपाशी ठेवून लढवता येत नाही हे रोजच्या हिशेबातून शिकलेला सेनापती विरळा. मला जिवबादादांबद्दल जे प्रेम वाटतं ते इथून वाटतं.

बॉइड पगार घेणारा. जिवबादादा पगार देणारा. दोघांच्या मधे ती पगाराची पिशवी.

आता १७८८ साल. जिवबादादा उत्तर हिंदुस्थानात महादजींच्या मोहिमांत गुंतलेले. इकडं सावंतवाडीकरांना कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी होती. त्या व्यवहारात पेडणे महाल पोर्तुगीजांकडं गेला तो गेलाच. डिचोली आणि सत्तरी त्याच्या काही वर्षं आधीच गेल्या होत्या. केरीतल्या कुणाला विचारलं नाही. देवळातली दिवटी तशीच लागली, भात तसंच रुजलं, वसूल मात्र दुसऱ्याच्या तिजोरीत जायला लागला. आणि ज्याच्या शब्दावर उत्तरेत हजारो माणसं उठत-बसत होती, त्या सेनापतीचं स्वतःचं जन्मगाव एका तहाच्या कलमात परक्याचं झालं. त्याच १७८८ साली मॅसॅच्युसेट्सनं नव्या अमेरिकेच्या राज्यघटनेला संमती दिली. बॉइडच्या गावाचं निशाण पक्कं झालं, जिवबादादांच्या गावाचं उतरलं.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. त्यांची तुलना करायची नाही. ती नुसती शेजारी असू द्या.

आणि आता स्वतःकडं या. तुमच्या पायाखालची जमीन कुणाची आहे? सात-बाऱ्यावर किंवा गोव्यातल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे ते मी विचारत नाही. डिचोली तालुक्यातल्या मये गावाचं बघा. मूळ मालक पोर्तुगीज राजवटीबरोबर गेला, जमीन परागंदा मालकाची मालमत्ता ठरली, आणि १९६१ नंतर कित्येक दशकं मयेच्या लोकांना राहत्या घराखालची जमीन आपली म्हणता येत नव्हती. त्यासाठी कायदा झाला तो २०१४ मध्ये. तरी या सगळ्या काळात मयेचं तळं त्यांचंच होतं, कुळागरं त्यांनीच शिंपली, माल्याची जत्रा त्यांनीच भरवली. जमीन आपली असणं हे कागदावर किती आणि हाताच्या तळव्यावर किती? घाईनं उत्तर देऊ नका. वाळू मुठीत घ्या. बोटांमधून थोडी जाऊ द्या, थोडी राहू द्या.

आता आपण खर्ड्याला जाऊ. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यात, जामखेडजवळ. कोकणी डोळ्यांना तो मुलूख फार उघडा वाटतो. काळी जमीन, बोडके माळ, फाल्गुनात आटलेले ओढे. ११ मार्च १७९५. फाल्गुनाचा कृष्णपक्ष लागलेला, होळी होऊन गेलेली. इकडं पेडण्यात शिगम्याचे ढोल अजून थंड झाले नसतील. तिकडं पेशव्यांच्या, शिंद्यांच्या, होळकरांच्या, नागपूरच्या भोसल्यांच्या फौजा एकत्र आलेल्या. इतके मराठे सरदार एका निशाणाखाली पुन्हा कधी लढले नाहीत. समोर निजाम अली खान, त्याच्याकडं फ्रेंच सेनानी रेमंडच्या कवायती पलटणी. बॉइड निजामाच्या चाकरीत. शिंद्यांची फौज जिवबादादांच्या हुकमतीखाली, तिच्यातल्या कवायती पलटणींवर पेरॉन नावाचा फ्रेंच माणूस. वर्षभरापूर्वी महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले होते. त्यांचा वारस दौलतराव पोरसवदा होता. भार जिवबादादांवर होता.

सकाळी निजामाच्या पठाणांनी मारलेल्या मुसंडीत मराठ्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन जखमी झाले. काही वेळ मराठ्यांचं पारडं डळमळलं. मग शिंद्यांच्या तोफा चालल्या. पेरॉननं त्या उंचवट्यावर मांडल्या होत्या. निजामाचं घोडदळ विस्कटलं. तरी संध्याकाळपर्यंत रेमंडचं पायदळ जागा धरून होतं. लढाई संपली नव्हती.

रात्र पडली. या रात्रीत मला तुम्हाला बसवायचं आहे.

अंधार. माळावरची थंडी. दोन्ही बाजूंना थकलेली माणसं आणि त्यांच्यापेक्षा थकलेली जनावरं. मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी पाजायला म्हणून निघते. एवढंच तिचं काम. ओढ्याच्या काठी नकळत ती निजामाच्या पहाऱ्यापाशी जाऊन पोचते. पहारेकरी गोळी झाडतो. शेजारचा झाडतो. मग रेमंडच्या रांगेतले, मग सारी ओळ, काळोखात, कुणावर ते माहीत नसताना. निजामाला वाटलं, मोठा हल्ला आला. त्याचा जनानखाना छावणीत होता. त्यानं रातोरात मागं फिरायचा हुकूम दिला आणि जवळच्या खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला. सकाळी उजाडलं तेव्हा मैदानात टाकून दिलेल्या तोफा, गाडे, सामान. निजाम किल्ल्यात अडकला. आत दाण्याचे आणि पाण्याचे हाल. अखेर तह झाला. कोट्यवधी रुपये आणि दौलताबादेसह मोठा मुलूख मराठ्यांना कबूल झाला, निजामाचा दिवाण ओलीस म्हणून पुण्याला आला.

पुण्यात विजयाचे नगारे वाजले. पण मी त्या ओढ्यावरून हलू शकत नाही.

बॉइडच्या पलटणीतला एखादा शिपाई डोळ्यांसमोर आणा. तेलंगणातला असेल, नाहीतर मराठवाड्यातला. लाल किंवा निळा अंगरखा, खांद्यावर जड बंदूक. साहेबाची भाषा त्याला येत नाही, साहेबाला त्याची येत नाही. कवायतीचे चार शब्द दोघांमध्ये. तो अंधारात उभा आहे. त्याचं मराठ्यांशी वैर नाही, त्याच्या साहेबाचंही नाही. समोरच्या बाजूला असाच एक पाण्यासाठी निघालेला स्वार. त्यालाही निजामाचं काही वाकडं नाही. घोड्याला तहान लागलीये, एवढंच त्याला ठाऊक. त्या दोघांच्या डोक्यावरून दौलतीची उलथापालथ होते.

त्या स्वाराचा हात जाणवू द्या. घोड्याच्या मानेवर ठेवलेला. घोड्याची मान गरम आहे, कातडी थरथरते आहे, पाण्याच्या वासानं त्याचे कान पुढं वळलेत. एवढंच. या हाताशी जेवढा वेळ राहता येईल तेवढा राहा.

पुढचं थोडक्यात सांगते. खर्ड्यानंतर सात महिन्यांत पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. १७९६ मध्ये जिवबादादा वारले. त्यांच्या मागं दौलतरावाच्या दरबारात शेणवी मंडळींचे दिवस फिरले. बाळोबातात्या पागनीस कैदेत पडले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात मेले, लखबादादांनी महादजींच्या विधवांची बाजू घेऊन शस्त्र उचललं. जिंकलेली दौलत दहा वर्षांच्या आत इंग्रजांच्या पायाशी गेली.

बॉइडनं निजामाची चाकरी सोडून पेशव्यांची धरली. होळकरांकडंही त्यानं चाकरी केल्याचं त्याची चरित्रं सांगतात. त्याच्या पलटणी त्याच्या स्वतःच्या होत्या. शिपाई, तोफा, हत्ती, सगळी गुंतवणूक त्याची, आणि ज्याला हवी त्याला भाड्यानं. शेवटी हा सगळा सरंजाम त्यानं नेपल्सहून आलेल्या फिलोझ नावाच्या दुसऱ्या अशाच सरदाराला विकला आणि निघून गेला.

विकला. या शब्दापाशी माझं मन दर वेळी अडखळतं. तोफा विकता येतात, हत्ती विकता येतो. पलटण कशी विकायची? सकाळी हजेरीला उभा राहिलेला शिपाई संध्याकाळी दुसऱ्याचा. मी बॉइडला वाईट माणूस म्हणणार नाही. त्या काळी हा राजरोस व्यवहार होता, इंग्रज, फ्रेंच, इटालियन, सगळे करत होते, आणि आपले राजे ती खरेदी आनंदानं करत होते. पण बक्षीच्या वहीत शिपायाचं नाव, गाव आणि घोड्याचा रंग लिहिलेला असायचा. विक्रीच्या कागदात नग असतात. हा फरक मला मोठा वाटतो, आणि आजच्या चाकऱ्यांतही तो मला जागोजाग दिसतो. तुम्ही जिथं दिवस देता तिथं तुमचं नाव लिहिलंय की नग? आणि तुमच्या हाताखाली कुणी असेल तर त्याचं?

हा प्रश्न टोचत असेल तर टोचू द्या. लगेच वाळूनं झाकू नका.

बॉइड अमेरिकेत परतला. १८०८ मध्ये त्याला चौथ्या पायदळ पलटणीचा कर्नल केलं गेलं. १८११ च्या नोव्हेंबरात तो इंडियाना प्रदेशात टिपेकनू नदीकाठी होता. तिथं शॉनी जमातीच्या टेकुम्सेनं आणि त्याच्या भावानं निरनिराळ्या जमातींची माणसं एकत्र आणून गाव वसवलं होतं. दोन वर्षांपूर्वी काही जमातींच्या मुखियांनी एका तहानं सुमारे ३० लाख एकर जमीन अमेरिकी सरकारला देऊन टाकली होती. टेकुम्सेचं म्हणणं सरळ होतं: जमीन सगळ्यांची, ती एकट्यादुकट्यानं कशी विकायची? ७ नोव्हेंबरला पहाटेच्या अंधारात लढाई झाली. दुसऱ्या दिवशी ते गाव जाळलं गेलं.

कोलंबसाच्या चुकीमुळं त्या लोकांना युरोपनं इंडियन म्हटलं. बॉइड ज्या देशात पगार खाऊन आला त्या देशाचं नाव त्यांच्या कपाळी चिकटलेलं. १७८८ च्या तहात पेडणे गेलं आणि १८०९ च्या तहात त्यांचं रान गेलं. दोन्हीकडं सही करणारा वेगळा, आणि राहणारा वेगळा. बॉइडला त्या पहाटे खर्ड्याची रात्र आठवली असेल का? इथंही अंधारच होता, गोळ्या कुठून येतात ते दिसत नव्हतं.

१८१२ मध्ये तो ब्रिगेडियर जनरल झाला. पुढच्या वर्षी, ११ नोव्हेंबरला, कॅनडाच्या सीमेवर सेंट लॉरेन्स नदीकाठी क्रायस्लरच्या शेतात आपल्यापेक्षा बऱ्याच लहान इंग्रज फौजेकडून त्याचा पराभव झाला. युद्ध संपल्यावर १८१५ मध्ये फौजेतून निरोप मिळाला. नंतर आपली बाजू मांडण्यासाठी त्यानं कागदपत्रांचं पुस्तक छापलं. पूर्वेकडून येताना इंग्रजांनी पकडलेल्या सोऱ्याच्या मालाची भरपाई मागत तो लंडनलाही गेला. अखेरच्या वर्षी बॉस्टन बंदरात त्याला सरकारी जागा मिळाली, आणि ४ ऑक्टोबर १८३० रोजी तिथंच तो वारला. म्हणजे शेवटी पुन्हा बंदर. पुन्हा गलबतं, आणि कुठल्यातरी गलबतात हिंदुस्थानचा माल.

आता परत इथं या. ऊन उतरलंय. समोर तेरेखोलच्या तटाची कड काळी होत चालली आहे.

चाकरीची गोष्ट अजून थोडी उरलीये. १८९५ मध्ये पणजीच्या पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम सुटला. तिथल्या लोकांचं बंड मोडायला. शिपायांनी नकार दिला. ते पणजी सोडून सत्तरीत नाणूसच्या किल्ल्याकडं गेले, दादा राणे आणि त्यांची माणसं त्यांना मिळाली. लिस्बनहून राजाचा भाऊ फौज घेऊन आला, ते बंड १८९७ पर्यंत धुमसत राहिलं. त्या शिपायांनी पोर्तुगालचा पगार खाल्ला होता. तरी कुठवर जायचं याची एक रेघ त्यांच्या मनात होती, आणि ती समुद्राच्या अलीकडं होती.

आणि १५ ऑगस्ट १९५४ ला याच समोरच्या किल्ल्यावर काही सत्याग्रही चढले आणि त्यांनी तिरंगा लावला. आल्फ्रेड आफोन्सो पुढं होते. त्यांना पगार नव्हता, बंदूक नव्हती. त्यांना पकडलं गेलं, निशाण उतरवलं गेलं. ते कायमचं वर जायला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला.

भाड्यानं लढणारा, पगार वाटून लढवणारा, पगार असूनही न जाणारा, पगाराशिवाय जाणारा. चौघंही या संध्याकाळी आपल्या आसपास आहेत. त्यांच्यातला तुमच्या सर्वांत जवळचा कोण? कोण व्हायला आवडेल, असं मी विचारत नाही. आज, या घडीला, तुमच्या रोजच्या दिवसात तुम्ही कुणाच्या जागेवर उभे आहात ते बघा. एकाहून अधिक जागांवरही असू शकता. मी स्वतः बसते तेव्हा दर वेळी वेगळं उत्तर येतं. काही वेळा ते मला आवडत नाही, तरी मी उठून जात नाही.

वर आकाशात एक दिवा सरकतोय, मोपाला उतरणारं विमान. पेडण्याच्या पठारावरून आता पोरं थेट जगभर निघतात. त्यातल्या एखाद्याच्या खिशात आज रात्री घरी पाठवायचा निरोप असेल: पोचलो, सगळं ठीक आहे, इथं सगळं केवढं मोठं आहे.

तुम्हाला आज कुणाला दोन ओळी लिहायच्या असतील तर त्या मनात लिहा. हत्तींबद्दल नको. झोप लागते की नाही, ते लिहा.

फेरीबोटीचे दिवे लागले. सुकती सुरू झालीये, ओली वाळू पुढं पुढं उघडी पडतेय. उठायच्या आधी एकदा तो हात पुन्हा आठवा, अंधारात घोड्याच्या मानेवर ठेवलेला. त्या पहिल्या गोळीच्या आधी घोडा मान खाली घालून पाण्याला तोंड लावून झाला होता, असं मी धरून चालते.